तपासणीआधी रंग नको

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतल्या जुन्या व्यापारी इमारतींत एक प्रथाच पडून गेली आहे. तपासणीची तारीख ठरली, की सोसायटीचे सेक्रेटरी आधी रंगाऱ्याला फोन लावतात. जिन्यातल्या ओलीचे डाग पुट्टीखाली जातात, कॉलमला गेलेली उभी चीर सिमेंटने भरली जाते, तिच्यावर ऑइलपेंटचा पट्टा फिरतो आणि तपासायला आलेल्या इंजिनिअरला जिन्यात पाय ठेवताच ताज्या रंगाचा वास येतो. यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. इमारत नीटनेटकी दिसावी एवढीच इच्छा असते. पण नुकसान इथूनच सुरू होते. चीर किती रुंद होती, कोणत्या दिशेने चालली होती, तिच्या कडांना गंजाचा तांबूसपणा होता का, ती खालच्या मजल्यावर त्याच रेषेत उतरली होती का, हे सगळे इंजिनिअरला पाहायचे असते. तेच पुसले गेले की त्याला एक तर अंदाजाने लिहावे लागते, नाहीतर जास्त ठिकाणी प्लास्टर फोडायला सांगावे लागते. दोन्हींचा भुर्दंड शेवटी गाळेधारकांवरच येतो.

माझ्या मते तपासणीची तयारी म्हणजे इमारतीच्या आत जायला वाट करून देणे. कागद हाताशी हवेत, कुलपे उघडी हवीत, यंत्रे चालू हवीत आणि दोष जिथे आहेत तिथेच, आहेत तसे दिसायला हवेत. हे ऐकायला सोपे वाटते, पण चाळीस-पन्नास गाळे, तितकेच मालक आणि त्याहून जास्त भाडेकरू असलेल्या इमारतीत ते घडवून आणायला दोन-तीन महिने लागतात.

तपासायला येणारे सगळे एकाच कामासाठी येत नाहीत, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवे. विकत घेणाऱ्याचा इंजिनिअर दुरुस्तीचा खर्च काढायला येतो, बँकेचा मूल्यांकनकार किंमत ठरवायला, विमा कंपनीचा माणूस जोखीम मोजायला. महापालिकेला हवे असते ते इमारत उभी राहण्याजोगी आहे याचे प्रमाणपत्र. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावी लागते. इतर महापालिकांसाठीच्या कायद्यातही कलम 265 अ मध्ये तशीच तरतूद आहे. या तपासणीतून इमारतीची वर्गवारी होते. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे लोक आत असतानाच करता येण्याजोगी मोठी दुरुस्ती आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-2ए आणि सी-2बी यांच्यातला फरक कागदावर एका अक्षराचा असला, तरी दुकानदारासाठी तो धंदा चालू राहण्याचा की शटर खाली ओढण्याचा असतो. म्हणूनच इंजिनिअरला पुरेसे पाहायला मिळणे गाळेधारकांच्याच हिताचे असते. ज्याला कॉलम दिसलेलाच नाही, तो सावधपणे वाईट बाजूचा शेरा देणार, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही.

कागदांपासून सुरुवात करावी, कारण सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो. मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मिळकत पत्रिका, मालमत्ता कराच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, लिफ्टचा परवाना, आगीच्या यंत्रणेचे फॉर्म बी, विद्युत निरीक्षकांचे अहवाल, एएमसीचे म्हणजे वार्षिक देखभालीचे करार आणि आधीची सगळी ऑडिट्स एका फाइलीत तारखेनुसार लावावीत. यात हमखास हरवलेली असतात ती आरसीसीची ड्रॉइंग्ज. कॉलममध्ये किती जाडीच्या किती सळया आहेत, हे सांगणारा तो एकमेव कागद असतो. बिल्डर निघून गेलेला, आर्किटेक्टचे ऑफिस बंद झालेले, सोसायटीच्या कपाटाला एका पावसाळ्यात वाळवी लागलेली, अशी कारणे ऐकायला मिळतात. महापालिकेकडे नकलेसाठी अर्ज करता येतो, पण त्याला आठवडे लागतात, म्हणून तो पहिल्याच दिवशी टाकावा. ड्रॉइंग्ज मिळालीच नाहीत, तर सळया शोधणाऱ्या उपकरणाने जागोजागी मोजून त्यांचा नकाशा नव्याने बनवावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

मंजूर नकाशा मिळाला की तो घेऊन इमारतीत एक फेरी मारावी. कागदावरचे पार्किंग आता दुकान झाले आहे का? मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे चढले आहेत का? पोटमाळा नकाशात आहे, की नंतर लोखंडी गर्डर टाकून उभा केला? यादी स्वतःच करून इंजिनिअरच्या हाती द्यावी. ही कल्पना अनेक कमिटी मेंबरांना पटत नाही, पण फेरबदल लपवल्याने इमारतीवरचा भार कमी होत नाही.

या फेरबदलांवर थोडे थांबायला हवे, कारण व्यापारी इमारतीचा खरा धोका बहुधा तिथेच असतो. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची साईदर्शन ही इमारत कोसळून 17 जण गेले. वर राहती घरे होती आणि तळमजल्यावरच्या नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालले होते. त्या कामात इमारतीच्या आधाराला हात घातला गेल्याचा ठपका तपासात आला. त्याआधी 27 सप्टेंबर 2013 रोजी डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच मालकीची इमारत पडली आणि 61 जणांचा जीव गेला. तिथेही तळमजल्यावरच्या गोदामातल्या बदलांकडे बोट दाखवले गेले. व्यापारी इमारतीत भाडेकरूगणिक इंटिरिअर बदलते. कुणाला मोठा हॉल हवा म्हणून भिंत जाते, कुणाच्या एसीच्या डक्टसाठी बीमला भोक पडते, कुणी केबिनमध्ये नवे टॉयलेट काढतो आणि खालच्या गाळ्याच्या स्लॅबला कायमची ओल लागते. हे सगळे फॉल्स सीलिंगच्या वर आणि लॅमिनेटच्या मागे होत असल्याने सोसायटीला पत्ताच नसतो.

वजनाचेही तसेच आहे. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराची स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या चालत्या भारासाठी धरतात, किरकोळ विक्रीच्या दुकानाची 400 किलोसाठी. आता एखाद्या कन्सल्टंटच्या ऑफिसात दोन मीटर उंचीपर्यंत ठासून रचलेल्या फायलींचा विचार करा. कागद जड असतो, आणि तिथला भार चौरस मीटरला एक टनापर्यंत सहज पोचतो. यूपीएसच्या बॅटऱ्यांची रांग, झेरॉक्सवाल्याकडची रिमे, औषधांच्या होलसेलरची खोकी, छापखान्याची मशीन हे सगळे याच हिशेबात येते. तपासणीआधी प्रत्येक गाळ्यात काय साठते, कुठे साठते आणि केव्हापासून, एवढे लिहून घेतले तरी इंजिनिअरचे अर्धे काम हलके होते. त्या दिवसापुरती खोकी हलवून ठेवण्यात मात्र काही अर्थ नाही. स्लॅबने सोसायचे ते सोसलेलेच असते, आणि ती किती वाकली आहे हे लेव्हल लावून मोजता येते.

आता प्रत्यक्ष काँक्रीटकडे वळू. आपल्याकडे इमारती म्हाताऱ्या होतात त्या मुख्यतः सळईच्या गंजाने. ताज्या काँक्रीटमध्ये इतका अल्कलीपणा असतो की सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जाऊन तो अल्कलीपणा कमी करतो. समुद्राजवळच्या हवेतले क्षारही तो थर फोडतात. त्यात पावसाचे पाणी मिळाले की गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असते, म्हणून तो फुगतो आणि आतून काँक्रीट फोडून काढतो. छज्ज्याखाली पडलेले पोपडे आणि कॉलमच्या कोपऱ्यातून उभी गेलेली चीर याच क्रियेतून येतात. चिरेत सिमेंट भरल्याने ही क्रिया थांबत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

गंजाची ही क्रिया कुठवर पोचली आहे हे कळावे म्हणून ज्या चाचण्या करतात, त्यांतली प्रत्येक इमारतीकडून काही ना काही मागते, आणि ते आधी ठाऊक असेल तर तयारी नेमकी होते. रिबाउंड हॅमरचा ठोका काँक्रीटवर पडला पाहिजे, प्लास्टरवर मारलेल्या ठोक्याला अर्थ नाही. म्हणजे ठरलेल्या जागी प्लास्टर काढावे लागणार, त्यासाठी गवंडी हजर हवा आणि संध्याकाळी ते बुजवून देण्याची सोय हवी. शिवाय जुन्या इमारतीत कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने वरचा थर उलट कठीण झालेला असतो, त्यामुळे हॅमरचा आकडा खऱ्या ताकदीपेक्षा चांगला येऊ शकतो. केवळ हॅमरवर ऑडिट उरकणाऱ्याला म्हणूनच प्रश्न विचारावेत. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी कॉलमच्या एका बाजूने पाठवून दुसऱ्या बाजूला पकडतात. लहरींचा वेग जास्त असेल तर काँक्रीट चांगले समजतात, कमी असेल तर शंकास्पद. यासाठी कॉलमच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागतात, म्हणजे कॉलमला टेकवलेले कपाट, त्याच्याभोवतीचे पॅनलिंग, दुकानातली आरशाची फ्रेम हे सगळे निघाले पाहिजे. हाफ-सेल चाचणीने सळईचा विद्युत विभव मोजतात. तो उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरली जाते. या चाचणीसाठी एका ठिकाणी सळई उघडी करून तार जोडावी लागते. आणि ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला की जिथे अल्कलीपणा शाबूत आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, जिथे संपला तिथे येत नाही. गुलाबी रंग सळईच्या बाहेर सुरू होतो की आत, हे गाळेधारकांनी त्या वेळी उभे राहून स्वतः पाहावे. तीस पानांच्या अहवालापेक्षा ते लवकर पटते.

मग दुरुस्तीला हातच लावायचा नाही का? तसे नाही. तपासणी असो वा नसो, जी कामे करायलाच हवीत ती करावीत. गच्चीवरच्या पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ कराव्यात, कुंड्यांमागे भिंतीत रुजलेले पिंपळ काढावेत, चेंबरची झाकणे मोकळी करावीत, गळके बॉलकॉक बदलावेत, जिन्यातले बंद दिवे लावावेत, टाक्या धुवून घ्याव्यात. मात्र चीर, ओल, पोपडा, गंजलेली सळई, वाकलेला छज्जा यांना हात लावू नये. सुटलेला पोपडा खाली रस्त्यावर पडण्याजोगा असेल, तर तो काढणे आणि खालची जागा बंद करणे भागच आहे. त्या वेळी आधीचा आणि नंतरचा फोटो, तारीख आणि बिल ठेवावे. याआधी कधी कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा नवा थर, केले असेल, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा पुन्हा घातला असेल, तर त्याचीही हीच माहिती द्यावी. एखाद्या गच्चीवर तीन-तीन कोबे एकावर एक चढलेले असतात, आणि प्रत्येक थराने स्लॅबवर टाकलेला कायमचा भार कुणीच मोजलेला नसतो.

आगीच्या यंत्रणेबाबत लोक सर्वांत निर्धास्त असतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी द्यावा लागतो. फॉर्म भरला जातो. यंत्रणा चालते का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तासाभरात मिळते. गच्चीवरच्या हायड्रंटचा व्हॉल्व्ह उघडावा. दाब उतरताच आधी जॉकी पंप आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि गच्चीवर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब मिळाला पाहिजे. मग मेन सप्लाय बंद करून जनरेटर किंवा डिझेल पंप भार उचलतो का ते पाहावे. पंपरूममध्ये स्विच ‘मॅन्युअल’वर ठेवलेला सापडतो, कारण गळक्या पाइपामुळे जॉकी पंप रात्रभर घरघरत असतो आणि वॉचमन वैतागून तो बंद करतो. पाइप दुरुस्त करण्याऐवजी पंप झोपवला जातो. आगीसाठी राखलेले पाणी नळांना वापरल्याचेही दिसते. बाहेरून आलेले पाणी आधी आगीच्या टाकीत पडून तिथून ओसंडून वापराच्या टाकीत जाईल अशी रचना असली, की साठा कायम राहतो आणि पाणी शिळेही होत नाही.

स्प्रिंकलरच्या काचेच्या नळीतला लाल द्रव साधारण 68 अंश सेल्सिअसला ती नळी फोडतो आणि पाणी सुटते. पण त्या नळीवर रंगाचा हात फिरला असेल, फॉल्स सीलिंग तिच्या खाली आले असेल, किंवा खोकी छतापर्यंत रचली असतील, तर ती वेळेवर फुटणार नाही, आणि फुटली तरी पाणी पसरणार नाही. जिने, दारे आणि डक्ट यांनाही तोच न्याय लावावा. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतल्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये आग भडकली आणि 14 जण गेले. त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहाच्या भागात धुराने गुदमरले. तिथे पेट घेणारे छप्पर होते आणि बाहेर पडण्याची वाट अडलेली होती. आपल्या इमारतीच्या जिन्यात ठेवलेली कुरिअरची पोती, चोराच्या भीतीने कुलूप लावलेली ग्रिल, लाकडी पाचर मारून उघडा ठेवलेला फायर डोअर, मजल्यामजल्यावर सील न केलेला केबल डक्ट याच साखळीतल्या कड्या आहेत. तपासणीच्या आदल्या रात्री जिना रिकामा करून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरणाऱ्यांना कमिटीने लेखी नोटीस द्यावी आणि तिची प्रत फाइलीत लावावी.

विजेची तपासणी कोणत्या वारी ठेवता, याला फार महत्त्व आहे. ऑफिसे बंद म्हणून बहुतेक जण रविवार धरतात. स्ट्रक्चरच्या कामाला तो सोयीचा, कारण गाळे मोकळे मिळतात. पण थर्मल कॅमेऱ्याने पॅनल पाहायचे असेल तर त्यावर पुरता भार हवा. सैल झालेला जोड वीज वाहत असतानाच तापतो. त्यासाठी कामाच्या दिवशी, दुपारी, सगळे एसी चालू असताना बोलवावे. अर्थ पिटवरचे ढीग हटवावेत, मीटर रूममधले झाडू-बादल्या आणि रंगाचे डबे बाहेर काढावेत. पॅनल बेसमेंटमध्ये असेल तर पाणी शिरण्याचा विचार वेगळा करावा लागतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती इमारतींच्या बेसमेंटमधली वीजयंत्रणा पाण्यात गेली हे मुंबईकरांना सांगायला नको.

लिफ्टसाठी 2017 चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. लिफ्टची मशीन रूम आणि पिट एएमसीच्या मेकॅनिकनेच उघडून द्यावे, म्हणून त्याला आधी तारीख कळवून ठेवावी. पिटमध्ये पाणी साचत असेल तर ते उपसून टाकण्याआधी इंजिनिअरला दाखवावे, कारण ते कुठून तरी येते आहे. अपंग व्यक्तींना आत येता यावे यासाठी रॅम्प आहे का, आणि त्याचा उतार बारा फुटांना एक फुटापेक्षा जास्त तर नाही ना, हेही याच फेरीत मोजून होते.

तारीख ठरवताना ऋतूचाही विचार करायला हवा. मार्च-एप्रिलमध्ये केलेल्या तपासणीत गळती दिसत नाही, फक्त तिचे वाळलेले डाग दिसतात. म्हणून पावसाळ्यात कोणत्या गाळ्यात, कोणत्या कोपऱ्यात, पाऊस लागल्यावर किती वेळाने पाणी येते, हे गाळेधारकांकडून लिहून घेतलेले टिपण फार उपयोगी पडते. संततधारेनंतर दोन दिवसांनी उतरणारे पाणी बहुधा गच्चीवर साठून झिरपलेले असते. वाऱ्याबरोबरच्या सरीनंतर लगेच येणारे पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या फटीतून आलेले असते. आणि बारा महिने, ऊन असतानाही टपकणारे पाणी वरच्या मजल्यावरच्या नळाचे किंवा ड्रेनेजचे. एवढ्या टिपणाने चुकीच्या जागी होणारा वॉटरप्रूफिंगचा खर्च वाचतो. उन्हाळ्यातच खात्री करायची असेल, तर गच्चीवर पाणी अडवून एक-दोन दिवस ठेवता येते. मात्र स्लॅबची अवस्था आधीच संशयास्पद असेल तर हा भार इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकू नये.

प्रत्यक्ष दिवशी इंजिनिअरबरोबर कुणी फिरावे? कमिटीचा एक माणूस, इमारतीचा प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन आणि सगळ्यांत जुना वॉचमन. वीस वर्षे पंप चालू-बंद करणाऱ्या माणसाला कुठला व्हॉल्व्ह कशाचा आणि कुठली भिंत नंतरची, हे नकाशापेक्षा अचूक ठाऊक असते. त्याला बोलू द्यावे, आणि ‘साहेबांसमोर काही सांगू नकोस’ अशी तंबी तर मुळीच देऊ नये. गच्ची, शाफ्ट, टाक्या, मशीन रूम आणि प्रत्येक बंद गाळा यांच्या चाव्या आदल्या दिवशीच एका जुडग्यात जमा कराव्यात. जो गाळा उघडलाच नाही, त्याचा क्रमांक आणि न उघडल्याचे कारण अहवालात लिहून घ्यावे.

अहवाल आला की तो कपाटात न ठेवता प्रत्येक गाळेधारकाला त्याची प्रत द्यावी आणि सर्वसाधारण सभेत इंजिनिअरलाच समजावून सांगायला बोलवावे. आधी टेकू कुठे लावायचे, मग गळती कुठे बंद करायची, मग सळयांची आणि काँक्रीटची दुरुस्ती, मग प्लास्टर, असा क्रम त्याच्याकडून लिहून घ्यावा. गच्ची गळत असताना खालच्या स्लॅबची दुरुस्ती केली तर दोन पावसाळ्यांत ती पुन्हा उघडी पडते. रंगाऱ्याला मात्र आता फोन करायला हरकत नाही, या यादीतले शेवटचे काम त्याचेच आहे.